खालच्या ओळी

विज्ञान इमारतीच्या तुळईला भेग पडली आणि अख्खी इमारत एका सत्रासाठी बंद झाली. दुरुस्ती होईपर्यंत तिथले सगळे विषय ऑनलाइन शिकवायचे, असा विद्यापीठाने आदेश काढला. शिकवणाऱ्यांसाठी आठ दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं आणि हजेरी सक्तीची होती.

वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी आदेश वाचला, त्याची घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ढकलून दिली. त्यांना शिकवायला लागून सव्वीस वर्षं झाली होती. एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात फूल आलं की त्यांना घड्याळाची शुद्ध राहत नसे. मुलंही तास संपल्यावर पाचेक मिनिटं तशीच बसून राहत.

"म्हणजे आता मला शिकवायचं कसं ते शिकवणार," त्या स्टाफरूममध्ये म्हणाल्या. सगळे हसले, कारण प्रत्येकाच्या मनात तेच होतं.

प्रशिक्षण ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. अठरा शिक्षक होते, आणि शिकवायला ग्रंथालयातच काम करणारी तिशीतली एक मुलगी. बोलायला मृदू, पण हटायची नाही. पहिल्या दिवशी सकाळपासून तिला एकच वाक्य म्हणावं लागलं, "सर, म्यूट काढा. बाई, तुम्हीही म्यूट आहात." दुपारच्या चहापर्यंत तिचं नाव म्यूटताई पडलं. ते तिच्या कानावर गेलं, तिने हसून घेतलं आणि पुढच्याला म्यूट काढायला सांगितलं.

सगळं फुकटच्या साधनांवर चालणार होतं. व्हिडिओ बनवायचं सॉफ्टवेअर फुकट, चित्रांचे साठे फुकट, जगभरच्या विद्यापीठांनी खुले करून ठेवलेले धडेही फुकट. म्यूटताईने दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन शब्द लिहिले, फुकट आणि मुक्त.

"फुकट म्हणजे बघायला पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे तुम्ही ते घ्या, कापा, जोडा, बदला, पुढे वाटा. फक्त ज्याचं आहे त्याचं नाव घाला. आधी हा फरक बघायचा, मग वस्तू उचलायची."

बाईंनी मन लावून काम केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी फुलाच्या रचनेवरच्या चाळीस लिंका जमवून दाखवल्या. म्यूटताईने यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"मेहनत खूप घेतलीत, बाई. पण हा तास नाही झाला. मुलांना ग्रंथालयाच्या दारात नेऊन सोडलं आणि 'घ्या, वाचा' म्हटलं, तसं झालं हे."

बाईंना ते लागलं. आणि खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

चौथ्या दिवसाचं काम होतं, घरी सात मिनिटांचा स्वतःचा धडा बनवून आणणं. बाईंनी विषय घेतला जास्वंदीचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरा कागद अंथरला, वर फडताळाच्या कडेला मोबाइल असा ठेवला की कॅमेरा खाली बघेल, आणि तो पडू नये म्हणून त्यावर सासऱ्यांचा जाडजूड शब्दकोश ठेवला. मग पात्याने फूल उभं चिरलं आणि बोलायला सुरुवात केली. अकरा वेळा करावं लागलं. एकदा कुकरची शिट्टी झाली, एकदा दारावरची बेल वाजली, आणि एकदा सासरे आत येऊन खणखणीत आवाजात विचारून गेले, "माझा कोश कुठाय?"

पाचव्या दिवशी सगळ्यांचे धडे मोठ्या पडद्यावर दाखवायचे होते. पहिला नंबर बाईंचा लागला. म्यूटताईने व्हिडिओ लावला आणि खाली अक्षरं दिसायचं बटण दाबलं. बोललेलं ऐकून यंत्र आपोआप खालच्या ओळी तयार करत होतं.

पडद्यावर बाईंचा आवाज सांगत होता, "परागकण कुक्षीवर पडतात." खालची ओळ म्हणत होती, "पराग कोण खुर्चीवर पडतात."

पहिल्यांदा भूगोलाचे सर हसले. ते तोंडावर हात ठेवून हसत होते, पण खांदे गदगदत होते. मग "अंडाशयात बीजांडं असतात" याचं "अंडा चहात बी जाड असतात" झालं, तेव्हा सगळा मजला हसला. कोणीतरी म्हणालं, "मला बिनअंड्याचा!" आणि पुन्हा हसू फुटलं.

बाईंना हसणाऱ्यांचं फारसं काही वाटलं नाही. पण सव्वीस वर्षांत वर्गात त्यांच्या विषयाला कोणी हसलं नव्हतं. त्यांनी चेहरा सरळ ठेवला आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावत राहिल्या.

म्यूटताईने व्हिडिओ थांबवला. "यंत्राला बाईंचं शास्त्र येत नाही, ही त्याची चूक. पण ओळ बाईंच्या नावावर जाते. म्हणून तपासायची. तुमच्यातल्या प्रत्येकाचं हेच होणार आहे, सर, तुमचंही." भूगोलाच्या सरांनी हात खाली घेतला.

घरी जाताना बाईंनी ठरवलं की खालच्या ओळींचं बटणच बंद करून टाकायचं. नाही ओळी, तर नाही चुका.

घरी त्या, त्यांचे यजमान आणि सासरे, इतकी तीनच माणसं. यजमान वीज खात्यात होते आणि आठवड्यातले चार दिवस दौऱ्यावर असत. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली होती. कान हळूहळू गेले, आधी उजवा, मग डावा. कानाचं यंत्र आणलं होतं, ते ड्रॉवरमध्ये पडून असे. "त्यात माणसं बोलत नाहीत, भांडी पडतात," असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यामुळे घरातलं बोलणं ओरडून चाले. ओरडून बोललं की साधं वाक्यही भांडणासारखं ऐकू येतं. मग माणूस कामापुरतंच बोलतो. जेवायला चला. गोळी घेतलीत का. दार लावून घ्या. गेल्या कित्येक वर्षांत बाई आणि अण्णा यांच्यात याहून जास्त बोलणं झालं नव्हतं. रागलोभ काही नव्हता, नुसता कंटाळा होता.

त्या संध्याकाळी बाईंनी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवला, व्हिडिओ तसाच चालू राहिला आणि त्या भाजी आणायला गेल्या. परत आल्या तर अण्णा लॅपटॉपसमोर बसलेले, नाकावर चष्मा, हातात लाल पेन्सिल, आणि पुढ्यात बिलांच्या मागच्या कोऱ्या बाजू लिहून भरलेल्या.

"हे जुळवलंय कोणी?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "त्याला आधी कामावरून काढा."

"यंत्राने, अण्णा!" बाई ओरडल्या. "यंत्र लिहितं आपोआप!"

"यंत्राला कोण विचारतंय! मजकूर तुझा आहे ना? त्रेचाळीस चुका आहेत. सात मिनिटांत त्रेचाळीस. आमच्या छापखान्यात सोळा पानांच्या एका फॉर्ममध्ये तीन सापडल्या तरी मालक डोळे वटारायचा."

बाईंनी कागद उचलले. एका बाजूला मिनिटं आणि सेकंद, मधे चुकीचा शब्द, पुढे बरोबर शब्द. सुवाच्य, सरळ रेषेतलं अक्षर, आणि शेजारी छापखान्यातल्या त्या जुन्या खुणा. कुक्षी, बीजांड, निदलपुंज, एकूण एक शब्द बरोबर लिहिलेला होता. शेजारी शब्दकोश उघडा पडला होता.

"आणि एक सांगू का," अण्णा म्हणाले. "इतकी वर्षं तू रोज सकाळी डबा घेऊन जातेस. तिकडे जाऊन काय करतेस, ते आज कळलं. छान शिकवतेस तू. चुका वगळून."

बाई भाजीची पिशवी ओट्यावर ठेवायला वळल्या आणि उगाचच दोन मिनिटं टोमॅटो धूत राहिल्या.

पण अण्णांचं संपलं नव्हतं. "इथे मात्र वाक्य गळलंय."

"कुठे?"

"हे बघ. परागकण कुक्षीवर पडतो. पुढच्या ओळीत एकदम बीजांडात फलन. अगं, पण तो वरून खाली गेला कसा? मधलं वाक्य कुठाय?" तिथे त्यांनी हंसपदाची ठळक खूण केली होती. वाक्यात काही राहून गेलं की प्रुफात ती खूण करतात.

"मुलांना कळतं ते!"

"कसं कळतं? लिहिलेलं तर नाही."

"मी हाताने दाखवते, अण्णा! वर्गात सगळ्यांना कळतं! सव्वीस वर्षं कळतंय!" बाईंचा आवाज अण्णांच्या कानांसाठी लागतो त्याच्याही वर गेला होता. त्यांनी लॅपटॉप उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पलंगावर बसून त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला आणि मनात आलं म्हणून आवाज बंद केला. आता त्यांना दिसत होतं तेवढंच जेवढं अण्णांना दिसलं होतं. परागकण कुक्षीवर पडला. मग त्यांचा हात कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेला, तिथे काहीतरी केलं आणि परत आला. परागकणातून नळी निघते, ती वाट काढत खाली अंडाशयापर्यंत जाते, हे त्या दरवर्षी बोटाने हवेत काढून दाखवत. तोंडाने त्या फक्त "आणि मग हे असं" म्हणाल्या होत्या.

त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघितला. अशा आणखी तीन जागा सापडल्या. हे इथून. ते तिथे. बघा, कसं असतं ते. वर्गात त्यांचा हात आणि त्यांचे डोळे ती वाक्यं पुरी करत आणि त्यांना वाटे की आपण सगळं सांगितलं.

मागच्या बाकावरच्या मुलांना तरी हात दिसत होता का, असं त्यांच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी धडा कागदावर लिहून काढला. "असं" आणि "तसं" आलं की थांबायचं आणि त्या जागी नाव घालायचं. मग तो कागद अण्णांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. अण्णांनी चहा थंड होऊ दिला, पण कागद संपवला. दोन ठिकाणी पेन्सिल चालली, एका ठिकाणी प्रश्नचिन्ह आलं. प्रश्नचिन्हावर वाद झाला आणि त्यात बाई जिंकल्या.

"आता सात मिनिटं बोलायचं नाही!" बाईंनी त्यांना ओरडून सांगितलं. अण्णा बोलले नाहीत. पाचव्या मिनिटाला मात्र शिंकले. पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मग यंत्राच्या ओळी पुसून बाईंनी त्या जागी अण्णांनी तपासलेल्या कागदावरच्या ओळी टाईप केल्या.

प्रशिक्षणाच्या सहाव्या दिवशी बाईंनी स्वतःहून हात वर केला आणि नवा धडा लावला. खालच्या ओळी एकेक करत सरकत होत्या, स्वच्छ, काना-मात्रेसकट. कोणी हसलं नाही. संपल्यावर म्यूटताई म्हणाली, "बाई, एका दिवसात हे कसं केलंत?"

"घरी एक माणूस आहे," बाई म्हणाल्या आणि अण्णांबद्दल सांगितलं.

भूगोलाचे सर खुर्ची सरकवून जवळ आले. त्यांच्या धड्यात यंत्राने भूकवचाचं "भूक वाचव" करून ठेवलं होतं. "बाई, कालचं मनात ठेवू नका. माझीही फाईल त्यांना दाखवता का?"

"अण्णांना विचारते. ते निवडून घेतात," बाई म्हणाल्या. अण्णा निवडून बिवडून काही घेत नव्हते. पण तेवढं म्हणायचा हक्क आपला आहे, असं बाईंना वाटलं.

शेवटी सहा जणांच्या फाईली जमल्या. रविवारी म्यूटताई स्वतः लॅपटॉप घेऊन घरी आली. यजमानही दौऱ्यावरून परतले होते. अण्णांनी आधीच सांगून टाकलं, "मला कागद लागतो. दोन्ही बाजूंना समास सोडून."

म्यूटताई त्यांच्या शेजारी बसली. तिने आवाज चढवला नाही. एक कोरं पान उघडलं, अक्षरं बोटभर मोठी केली आणि टाईप केलं, "अण्णा, इथे समास हवा तेवढा मोठा करता येतो. आणि खोडलेलं दिसत नाही."

अण्णांनी वाचलं. "खोडलेलं दिसायला हवं. कोणी काय खोडलं ते कळायला नको?"

तिने टाईप केलं, "तेही दिसतं. हे बटण दाबलं की लाल रंगात."

"लाल?" अण्णा पुढे वाकले. "बघू."

अशी दोघांची पाऊण तास बातचीत चालली. ती टाईप करायची, ते बोलायचे. छापखान्यातल्या गोष्टी निघाल्या, उलटं बसवलेलं शिशाचं अक्षर, एकदा लग्नपत्रिकेत वराच्या जागी वधूच्या वडिलांचं नाव गेलं ती भानगड. मधेच अण्णांनी विचारलं, "तुला ओरडता येत नाही वाटतं?"

"येतं. दिवसभर अठरा जणांवर तेच करते," तिने टाईप केलं. अण्णा खो खो हसले.

बाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. अण्णांना असं हसताना त्यांनी शेवटचं कधी बघितलं होतं ते आठवेना. त्यांनी यजमानांकडे पाहिलं.

"आपल्याला हे कधी कसं सुचलं नाही?" त्या हळूच म्हणाल्या.

थोड्या वेळाने यजमानांनी खुर्ची ओढली, अण्णांच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि लॅपटॉप आपल्याकडे वळवून दोन बोटांनी हळूहळू लिहिलं, "अण्णा, ती पत्रिकेची भानगड मला कधी सांगितली नव्हतीत."

"तू विचारलंस कधी?" अण्णा म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.

निघताना म्यूटताईने एक गोष्ट काढली. धडे मुक्त परवान्याने ठेवायचे, तर ज्यांनी काम केलं त्यांची नावं शेवटी द्यावी लागतात. खालच्या ओळी तपासणाऱ्याचंही.

"छे," अण्णा म्हणाले. "चाळीस वर्षांत शेकड्याने पुस्तकं माझ्या हाताखालून गेली. एकातही माझं नाव नाही. प्रुफं बघणाऱ्याचं नाव छापत नसतात."

तिने टाईप केलं, "इथे छापतात. नियम आहे."

नियम म्हटल्यावर अण्णांचा इलाज चालेना. त्यांनी पेन्सिल घेतली आणि आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एका कागदावर लिहून दिलं. मग कागद परत मागून घेतला, एक वेलांटी नीट केली आणि पुन्हा दिला.

सत्र सुरू झालं. सगळं सुरळीत झालं असं नाही. गणिताच्या सरांनी शेवटपर्यंत फळ्यासमोर मोबाइल लावून पाठ फिरवूनच शिकवलं. बाईंच्या वर्गातली अकरा मुलं पहिल्या दोन आठवड्यांत दिसलीच नाहीत. बाईंनी एकेकाला फोन लावला. सात जण सापडले, चौघांचे नंबर बदलले होते. सापडलेल्यांची तक्रार एकच होती. त्यांच्याकडे नेट इतकं कमी होतं की व्हिडिओ उघडतच नसे.

बाईंनी ते म्यूटताईला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या ओळी पूर्ण आहेत ना? मग नुसती तेवढी फाईल पाठवा. फोटोपेक्षाही हलकी असते ती."

त्यांनी पाठवली. दोन दिवसांनी त्या सातांपैकी एका मुलीचा निरोप आला. "बाई, व्हिडिओ उघडला नाही, पण ओळी उघडल्या. दोनदा वाचल्या. परागनळी खाली जाताना वाट कशी ओळखते, ते कळलं नाही."

बाईंनी निरोप वाचला आणि तडक अण्णांच्या खोलीत गेल्या. त्या मुलीने त्यांच्या वर्गात गेल्या वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी मोबाइल अण्णांपुढे धरला. अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला.

"चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "उत्तर काय?"

बाईंनी मोबाइलवर टाईप करायला घेतलं. उत्तर लांबत गेलं. अण्णा मधे मधे विचारत गेले. शेवटी तेच उत्तर बाईंनी थोडं नीट करून मुलीला पाठवलं.

तेव्हापासून घरात एक पाटी आली, लहान मुलांची असते तसली, पुसून पुन्हा लिहायची. ती जेवणाच्या टेबलावरच असे. "जेवायला चला" हे वाक्य मात्र बाई अजूनही ओरडूनच सांगत, कारण त्यासाठी पाटी शोधत बसायला त्यांना वेळ नसे.

अण्णांनी सत्रभरात एकसष्ट धडे तपासले. भूगोलाच्या सरांशी त्यांचं ऱ्हस्व-दीर्घावरून तीनदा वाजलं. रसायनशास्त्राच्या बाईंनी मात्र त्यांचा सल्ला मानून अख्खा एक धडा नव्याने लिहिला. म्यूटताई दर रविवारी येत होती. आधी काम असायचं म्हणून आणि नंतर तशीच.

पुढच्या सत्राला इमारत उघडली. तुळईला नवा लोखंडी आधार दिला होता आणि सगळीकडे ताज्या रंगाचा वास येत होता. वर्ग भरायच्या आदल्या दिवशी बाईंना प्रयोगशाळा लावायची होती. निघताना अण्णा चप्पल घालून दारात उभेच होते.

"मी येतो. इतकं वाचलं, एकदा बघतो तरी."

प्रयोगशाळेत बाईंनी त्यांना खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं. एका पानाच्या खालच्या बाजूची साल अलगद सोलली, काचेवर ठेवली, वर पाण्याचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शक जुळवून दिला. अण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळा लावला.

"ही काय, तोंडं आहेत?"

बाईंनी घरून आणलेल्या पाटीवर लिहिलं, "हो. पर्णरंध्रे. पान यांतूनच श्वास घेतं."

अण्णांनी वाचलं आणि पुन्हा डोळा लावला.

"एवढी तोंडं उघडी," ते म्हणाले, "आणि कोणी ओरडत नाही."

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेर फरशी पुसणाऱ्या मावशी डोकावून गेल्या. अण्णांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी डोळा न काढताच हात पुढे केला.

"दुसरं काही दाखव," ते म्हणाले. "आणि नाव आधी लिही."